अंगणातला कोबा

लग्न होऊन मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात आले, तेव्हा नवऱ्याची अंबरनाथच्या कारखान्यात दिवसपाळी असायची. तो गेला की घरात मी आणि चार भिंती. माहेरी माझी टकळी बंद व्हायची नाही आणि इथे बोलायला चिटपाखरू नाही. जीव नुसता कासावीस व्हायचा.

चाळीच्या अंगणात विहीर होती. दुपार कलली की बायका पाण्याला जमायच्या. शेजारच्या काकू रहाट ओढता ओढता जावेपासून भाच्यापर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायच्या. मी मुद्दाम लहान कळशी न्यायची, म्हणजे खेपा जास्त. तेवढ्या वेळावर मी अख्खा दिवस काढायची.

पावसाळ्यात मात्र घोट्याएवढा चिखल. पोरं घसरायची, साड्यांची वाट लागायची. म्हणून चाळीने अंगणभर सिमेंटचा कोबा घालून घेतला. पाणी घरांत शिरू नये म्हणून उतार दारांपासून लांब, म्हणजे विहिरीकडे दिला. हरकत कोणीच घेतली नाही. मी तरी कशाला घेऊ? कोरडं अंगण कुणाला नको असतं? कोपऱ्यातल्या खोलीतला रिक्षावाला तर खूशच झाला. आता त्याची रिक्षा थेट आत यायची आणि तिथेच उघडून दुरुस्त व्हायची.

पुढच्या पावसात डोळे उघडले. आधी पाणी मातीत मुरायचं, झिरपत झिरपत विहिरीत उतरायचं. आता रिक्षाचं ऑइल, साबणाचा फेस, कोंबड्यांची घाण, सगळं घेऊन ते कोब्यावरून सुसाट निघायचं आणि कठड्याच्या फटींतून आत. विहिरीत तेलाचा तवंग आला. तुरटी फिरवून झाली, पाणी उकळून झालं, वास काही जाईना. पोरांना जुलाब लागले तेव्हा विहिरीवर लोखंडी जाळी बसली, आणि दिवाळीनंतर घरोघरी नळ आले.

नवरा म्हणाला, "सुटलीस बघ. आता पाण्यासाठी उंबरासुद्धा ओलांडायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तरीही बाहेर आले. अंगण स्वच्छ, कोरडं आणि रिकामं. घराघरांतून भांड्यात पाणी पडल्याचे आवाज येत होते. मला रडूच कोसळलं. तेवढ्यात काकूंनी खिडकीतून पाहिलं.

"अगं, उन्हात काय उभी राहिलीस? नळ आलाय, भरून घे आधी. जाईल नाहीतर," म्हणाल्या, आणि लगबगीने आत वळल्या. माझ्याशी दोन शब्द बोलायला थांबावं, असं त्यांना वाटलंसुद्धा नाही.