टँकर पाचला येतो

नांदेडहून लातूरला निघणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगतो. स्वतःच्या गाडीने साडेतीन तास धरा. अहमदपूरला थांबून कुरमुऱ्यांचा सुशीला खा. प्लेटभर वीस रुपयांत मिळतो. दुष्काळ आहे, पाणी घरून न्या.

अहमदपूरच्या टपरीवर उदगीरच्या नव्या जिल्ह्याची चर्चा रंगली होती. "जिल्हा झाला की नळाला पाणी येतंय व्हय?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"पाटी तर येतीय, मामा," चहावाला म्हणाला.

लातूरला आपल्या बोलीवर कार्यक्रम होता, सूत्रसंचालक मी. चाकूरजवळच्या गावातून शिवकांताबाईंना बोलीचा नमुना म्हणून आणलं होतं. सकाळी आल्याआल्या त्या मला म्हणाल्या, "दादा, तीनला सोडा मला. टँकर पाचला येतो. घागरी रांगंत ठिवून आलेय." घागर ठेवली की नंबर लागतो, पण पाणी सुटताना मालकीण हजर लागते, नाहीतर घागर बाजूला. मी हो म्हणालो.

मंचावर प्रमुख पाहुणे म्हणाले, "मावशी, तुमच्या भाषेत जरा भांडून दाखवा!"

"कुणासंगं भांडू? टँकरवाला हितं न्हाई."

सभागृह खो खो हसलं. टाळ्या. मग पाहुणे बोलीच्या गोडव्यावर बोलत राहिले. समोर अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या. तीन वाजले, साडेचार वाजले. शिवकांताबाई माझ्याकडे बघत होत्या. वर्तमानपत्राला लेख कधी एक तासही उशिरा न देणारा मी, पाहुण्यांना 'आवरा' अशी चिठ्ठी पाठवायला कचरलो. शाल देऊन बाईंचा सत्कार पाचला झाला.

परतीच्या वाटेवरच गाव होतं, म्हणून त्यांना गाडीत घेतलं. पोचलो तेव्हा टँकर गेला होता. दोन कोरड्या घागरी भिंतीशी सरकवलेल्या होत्या. शेजारीण म्हणाली, "शाल आणलीस न्हवं? पीळ आता तीच!"

असं म्हणत तिनेच आपल्या हंड्यातून दोन तांबे त्यांच्या घागरीत ओतले. त्यातला पेला शिवकांताबाईंनी आधी माझ्यापुढे धरला. मी नको म्हणालो.

"दारातून कोरडं जाता व्हय, दादा?"

प्यालो. खाली मान घालून.

नांदेडला पोचतो तोच आयोजकांचा फोन आला: बोलीच्या गोडव्यावर एक लेख हवा, उद्या सकाळपर्यंत. त्यांना हाच पाठवतोय, वेळेत. गोडवा त्यांनी मंचावरच्या बाटल्यांत शोधावा. त्या बाईंच्या बोलीतलं एकच वाक्य कामाचं होतं, आणि ते त्यांनी सकाळीच मला सांगितलं होतं.