महादेवाची सोयरीक आणि आमची शिलेदार

धाकट्या भावाचं जमत आलेलं लग्न मी गाडीच्या कंपनीवरून मोडलं होतं. पत्रिकेवरून नाही, मानपानावरून नाही. कंपनीवरून. आणि ती कंपनी काही माझी नव्हे. मी आपला रामनगरचा साधा किराणा दुकानदार.

आधी महादेवाविषयी सांगतो. महादेव माझा धाकटा भाऊ, वय छत्तीस. दिसायला माझ्यापेक्षा बरा (हे आमच्या बायकोचं मत), बोलायला माझ्यापेक्षा शंभर पट कमी (हेही तिचंच). शेतात एकदा उतरला की जेवायला हाका मारून बोलवावं लागतं. दोष एकच, नोकरी नाही. हल्ली मुलीकडची माणसं आधी नोकरी विचारतात, आणि 'शेती' असं उत्तर आलं की चहासुद्धा अर्धा कपच येतो. असा अर्धा कप आम्ही पाच घरी पिऊन आलो होतो. आईनं तर देव पाण्यात घालून ठेवले होते. सहावं स्थळ आलं ते कुंभारवाड्याच्या एका वाडीतलं. मुलगी नयना, तिशीची, बापाचं शेत आणि बापाची गाडी दोन्ही स्वतः चालवणारी. तिला नोकरीवालाच पाहिजे असा हट्ट नव्हता. आई म्हणाली, हे जमलं नाही तर पुढं कुणाचं दार वाजवायचं ते मला तरी माहीत नाही.

मध्यस्थानं जाता जाता एवढंच सांगितलं होतं की मुलीचे वडील पुंडलिकअण्णा मनानं मोकळे आहेत, फक्त त्यांच्या गाडीला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. गाडी कुठली? शिलेदार. आणि माझीही शिलेदारच!

शिलेदारचं आमच्या जोयडा तालुक्यात केवढं नाव! चिखल असो, ओढा असो, चढ असो, शिलेदार घरी पोचवणारच अशी लोकांची खात्री. जावयाविषयीसुद्धा इतकी खात्री कुणी देत नाही. त्या नावावर भाळूनच दोन वर्षांपूर्वी मी नवीकोरी शिलेदार घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात ती बंद पडायला लागली. जगलबेटच्या चढावर बंद पडली, दुकानासमोर बंद पडली. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला तर नेमकी त्याच्या फाटकात अशी आडवी बंद पडली की पाव्हण्यांना कुंपण ओलांडून आत यावं लागलं. सात वेळा गॅरेज झालं. मग मात्र माझी जीभ सुटली. अर्धा किलो साखर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी वर शिलेदारची निंदा फुकट बांधून द्यायला लागलो. शेजारच्या शिंप्याचीही शिलेदार होती आणि तो बिचारा सारखा सांगायचा, "माझी तर मस्त चालते." त्याला मी म्हणालो, तुला कपड्यातलं कळतं, यंत्रातलं कळत नाही. तेव्हापासून तो माझ्या विजारी मुद्दाम आखूड शिवतो असा मला संशय आहे.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही चौघं निघालो. मी, बायको सुमित्रा, आई आणि नवी इस्त्री केलेला महादेव. अख्ख्या वाटेत महादेव एकच वाक्य बोलला, "दादा, तिथं गाडीचा विषय काढू नकोस." मी म्हणालो, मी काय खुळा आहे? यावर तिघंही खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी मात्र त्या दिवशी एवढ्या वळणांतून एकदाही न कुरकुरता पोचली, आणि मला तिचा रागच आला. एरवी कुठं जाते ही अक्कल?

अण्णांच्या अंगणात त्यांची वीस वर्षांची शिलेदार उभी होती. रंग उडालेला, एक दार दुसऱ्याच गाडीचं, आणि बॉनेट सताड उघडं. मला बरंच वाटलं. म्हटलं, यांचीही बंद पडलेली दिसते.

"बंद?" अण्णा हसले. "ती न्हाई बंद पडत, सावकार." आमच्याकडं दुकानदाराला सावकारच म्हणतात.

मग कणगीचे, म्हणजे आमच्याकडच्या रताळ्यासारखे, उकडलेले कंद आणि चटणी आली, पूर्ण भरलेले चहाचे कप आले, आणि त्यासोबत अण्णांनी गाडीची हकिगत सांगितली. वाडीला बस येते सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही मनात आलं तर. मधल्या वेळात जे काही होईल ते ह्या गाडीचं काम. भाताची पोती हिच्यातनं, लग्नाची वऱ्हाडं हिच्यातनं, साप चावलेला माणूस हिच्यातनं. तीन बाळंतिणींना जोयड्याला नेताना वाटेतच मोकळं व्हावं लागलं, ती तीन पोरं आज शाळेत जातात आणि गाडी दिसली की हात करतात. सांगताना अण्णांनी घोट घेतला नाही, चहा निवून गेला. खरं सांगतो, त्या जुन्या गाडीविषयी मला मनापासून आदर वाटला. आणि इतकी चांगली गाडी यांच्या वाट्याला आली, माझ्या का नाही, असा जळफळाटही झाला.

तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "तुमचीबी शिलेदारच की. कसा अनुभव?"

सुमित्रानं बशी जरा जोरातच खाली ठेवली. आईनं डोळे मिटले. 'बरी हाय' एवढे दोन शब्द बोललो असतो तर काय बिघडणार होतं? पण दोन वर्षं साठलेलं तोंडाशी आलं होतं.

"खोटं कशाला बोलू अण्णा," मी म्हणालो, "गाडी न्हाई ती, डबा हाय."

अण्णांनी कप खाली ठेवला. "माझ्या अंगणात बसून, माझे कंद खाऊन, शिलेदारला डबा म्हणताय?"

मी म्हटलं, तुमच्या नाही, माझ्या. ते म्हणाले, कंपनी एकच. मी म्हटलं, तुमची जुनी आहे, तेव्हा कंपनी माणसात होती. मग जगलबेटचा चढ निघाला, फाटकातली वास्तुशांती निघाली, सातही गॅरेजं निघाली. अण्णा लाल होत गेले. नयना पोह्यांचं ताट घेऊन दारात आली ती तिथंच थांबली. मुलगी बघायला आलेली माणसं मुलगी सोडून कार्बन आणि क्लचवर भांडताना तिनं पहिल्यांदाच पाहिली असावीत.

"गाडी वंगाळ नसती सावकार," अण्णा शेवटी म्हणाले. "हाकणारा वंगाळ असतो."

झालं! मी उठलो. आईला उठवलं, सुमित्राला उठवलं, म्हटलं चला, इथं सोयरीक होणार नाही. महादेव सगळ्यांच्या शेवटी उठला. नुसता एकदा वळून घराकडं बघितलं आणि गाडीत बसला. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण मी रागाच्या घोड्यावर होतो. दार धाडकन लावलं, किल्ली फिरवली.

खर्र. खट्. शांत.

पुन्हा फिरवली. पुन्हा शांत. नाक वर करून निघून जायचं असेल तर निदान निघता तरी आलं पाहिजे! ओसरीवर अण्णा आणि त्यांचे दोन शेजारी हाताची घडी घालून उभे. परत जायला तोंड नव्हतं आणि पुढं जायला गाडी नव्हती. मी काचा वर करून समोर बघत बसलो. पाचेक मिनिटांनी आईनं विचारलं, उतरायचं का रे? मी नाही म्हटलं. सुमित्रा म्हणाली, "काच तरी खाली करा. कंद उकडलेत तसं आमाला उकडताय काय?"

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. नयना. पदर खोचलेला, हातात पकड.

"दादा, बॉनेट उघडा."

मी म्हटलं, बाई, कंपनीचा दोष आहे, तुला काय दिसणार? ती म्हणाली, बघू तरी. बॉनेट उघडलं. ती वाकली, आणि जरा वेळानं तिथूनच विचारलं, "दादा, तुमी हिच्यात दुसरं दुकान काढलंय काय?"

बॅटरीच्या बाजूला एक ऐसपैस घरटं होतं. त्यात चुरमुरे, खोबऱ्याचे तुकडे, वातीचा कापूस, आणि मधोमध उंदराची पाच गुलाबी पिल्लं. शेजारच्या वायरी कुरतडून त्यांची तांबडी तार बाहेर आलेली.

आता कबूल करायलाच हवं. आमच्या भागात दर अमावस्येला व्यापारी माणूस गाडीची पूजा करतो, लिंबू बांधतो, नारळ फोडतो. मी एक पाऊल पुढं गेलो होतो. म्हटलं, महिनाभर उन्हातान्हात राबतं ते इंजिन, आणि नैवेद्य दाखवायचा बाहेरून चाकाला? म्हणून मी दर अमावस्येला बॉनेट उघडून चुरमुरे, गूळ आणि खोबरं थेट इंजिनाशेजारी ठेवत होतो. पुढच्या अमावस्येला जागा लख्ख! मी सुमित्राला अभिमानानं सांगायचो, बघ, आपली गाडी नैवेद्य घेते. गॅरेजवाला दर वेळी म्हणाला होता, "सावकार, उंदीर." पण मला वाटलं, हा कंपनीला सामील आहे. मी गॅरेज बदललं. नवाही उंदीरच म्हणाला, तेव्हा हे सगळेच सामील आहेत अशी माझी खात्री पटली.

अण्णा खाली आले. वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"म्हंजे दोन वर्सं उंदरं तुमी पोसली," ते म्हणाले, "आणि शिव्या कंपनीनं खाल्ल्या."

त्यांचं बॉनेट उघडं का, तेही तेव्हाच कळलं. जंगलातल्या गावात उंदराला अंधारी, ऊबदार जागा लागते. बॉनेट उघडं राहिलं की उजेड आणि वारा लागतो, उंदीर तिकडं फिरकत नाही. हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

महादेव इतका वेळ गाडीतच होता. तो उतरला, आपला नवा रुमाल काढला आणि पाचही पिल्लं त्यात अलगद घेतली. शेतात सोडायला निघाला तर अण्णा ओरडले, शेतात नको, भात खातील! मग तो ओढ्यापलीकडं लांब जाऊन सोडून आला. परत आल्यावर नयना म्हणाली, जरा ही वायर धरा. त्यानं धरली. तिनं तारा सोलल्या, पिळल्या, काळी टेप गुंडाळली, आणि दोघं अर्धा तास त्या बॉनेटखाली वाकून बोलत होते. महादेव बोलत होता! मी आणि अण्णा ओसरीच्या दोन टोकांना एकमेकांकडं पाठ करून बसलो होतो आणि दोघंही कान तिकडं लावून होतो.

नयनानं किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. अण्णा माझ्याकडं वळले.

"आता सांगा, कशी हाय कंपनी?"

"चांगली हाय," मी पुटपुटलो.

"ऐकू न्हाई आलं."

महादेव बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी मान खाली घातली आणि मोठ्यानं म्हणालो, "कंपनी चांगली हाय अण्णा. खुळा मी हाय. माझ्यापायी पोराचं नुकसान करू नका." अण्णांनी आत वळून चहा टाकायला सांगितलं. कप पूर्ण भरलेले होते.

आठवड्यानं होकार आला. मला राहवलं नाही. साखरपुड्याच्या दिवशी नयनाला बाजूला गाठून विचारलं, एवढा तमाशा बघूनही तू आमच्या घराला हो कसं म्हणालीस? महादेवात काय असं दिसलं? मला वाटलं, पिल्लांचं सांगेल.

ती लाजली नाही की अडखळली नाही.

"दादा, जो माणूस तुमच्याबरोबर एका घरात छत्तीस वर्सं काढून अजून शांत हाय," ती म्हणाली, "त्याच्याइतका भरवशाचा मला आणि कुठं मिळणार?"

तेव्हा हे लग्न मी जमवलं असं मी दुकानात सगळ्यांना सांगतो, ते काही अगदीच खोटं नाही.