फुगलेले गाल

ममासोली उस्ताचा करनाय त्याच्यापेक्षा हातभर उंच. कोकंद शहराच्या विणकर मोहल्ल्यात लग्न असो की सुंता, ती पितळी नळी आभाळाकडे रोखून उस्ता फुंकायचा, आणि चार गल्ल्यांपलीकडच्या बायका हातातलं पीठ झटकत दारात यायच्या.

त्या नळीतून शेवटचा श्वास गेला त्याला सात वर्षं झाली. लग्नांना उस्ता अजून जातो. जरीचा चोगा घालतो, करनाय उचलतो, गाल फुगवतो. आवाज येतो तो लग्नांत गाणी लावणाऱ्या एल्योरच्या स्पीकरच्या पेटीतून.

"उस्ता, तुम्ही फक्त धरा," एल्योर पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "सूर मी सांभाळतो. तुमच्या वयाला आराम नको का?"

एल्योरने तो आवाज संगणकावर एकेक बटण दाबून जुळवला होता. तो कुणाच्याच छातीतून आलेला नव्हता, त्यामुळे दमतही नव्हता. पहिल्या लग्नात उस्ताने सवयीने मध्येच श्वास घेतला तर एल्योर धावत आला.

"अहो उस्ता, गाल खाली काय करताय? आवाज चालूये अजून! व्हिडिओत दिसतं ना सगळं."

"मग श्वास कधी घेऊ रे बाबा?"

"नाकानं घ्या. हळूच."

उस्ता तेही शिकला. लोकांनी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी पुढचे दात ठणकायला लागले. करनाय फुंकणारा पुढचे दात जिवापाड जपतो, ओठाला टेकू तोच. पण त्याची बायको हिदायत म्हणाली, "काढून टाका की! आता कुठं फुंकायचंय तुम्हाला?" खरंच होतं. वरचे सहा दात गेले, कवळी आली. नान चहात बुडवून खाण्यापुरती चांगली होती.

यंदा मोहल्ल्यातल्या कोबिलच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याच्या शेजारचे एर्गाश वसंतात वारलेले, घरं भिंतीला भिंत लागून. वर्षाच्या आत दुःखाच्या घराशेजारी वाजंत्री लावायची तर विचारावं लागतं. कोबिल नानची चवड घेऊन निघाला आणि सोबत वडीलधारं माणूस हवं म्हणून उस्ताला घेऊन गेला.

एर्गाशची विधवा सनोबर खाला पांढऱ्या ओढणीत बसल्या होत्या.

"पोराचं लग्न आहे, वाजव की," त्या म्हणाल्या. "पण ती पेटी नको हं, कोबिल. भिंत हादरते, माझं काळीज हादरतं." मग उस्ताकडे वळल्या. "याचा करनाय चालेल. आमचे हे अर्धी दाढी झालेली असली तरी वस्तरा टाकून अंगणात पळायचे. म्हणायचे, ममासोलीनं फुंकलं की छातीतली धूळ उडते. एकदा वाजव रे बाबा. त्यांनाही पोचेल."

उस्ताने तोंड उघडलं. पण कोबिलने तेवढ्यात त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "खाला, गुरुवारी पहाटे, पुरुषांच्या पुलावाच्या पंगतीला. उस्ता वाजवतील!"

घरी हे ऐकून हिदायत म्हणाली, "अहो, मग सांगून टाकायचं ना!"

"काय सांगू? की सात वर्षं नुसते गाल फुगवतोय?"

"हो. तेच."

दुसऱ्या दिवशी करनायचे तुकडे पोत्यात घालून तो बसने शहराबाहेर गेला. मोहल्ल्यात फुंकला असता तर सगळ्यांनाच कळलं असतं. कापसाच्या शेतात त्याने नळी जोडली, ओठ लावले. कवळी टाळूवरून सुटली. काढून खिशात घातली, तर ओठ आत कोसळला. थुंकी उडाली, थोडी हवा गेली. दुपारपर्यंत एकदा, फक्त एकदा, म्हशीच्या रेकण्यासारखं काहीतरी निघालं. बांधाजवळ कापूस वेचणाऱ्या बायका खोखो हसल्या. "आजोबा, म्हैस हरवलीय का?" उस्ताही हसला. तेवढ्या आवाजावर त्याने आणखी दोन दिवस काढले, पण तो आवाज पुन्हा निघाला नाही.

बुधवारी तो कोबिलकडे गेला. अंगणात गाजरं चिरायचं काम जोरात चाललं होतं. "कोबिल, माझ्या दातांचं असं झालंय की..."

"उस्ता, दात कशाला? पुलाव इतका मऊ करतोय की तुम्ही नुसता गिळायचा!" सगळे हसले. कोबिल हात पुसत जवळ आला, आवाज उतरला. "खाला कालपासून विचारतायत, किती वाजता म्हणून. त्यांनी भिंतीशी खाट टाकून घेतलीय."

उस्ता घरी आला.

गुरुवारी उजाडता उजाडता अंगण भरलं. ताटांतून वाफा, पियाल्यांतून हिरवा चहा. उस्ताने कवळी खिशात टाकली, करनाय आभाळाकडे रोखला आणि होती नव्हती ती छाती रिकामी केली.

फुस्स.

पुन्हा. ओठ फडफडला, लाळ हनुवटीवर आली. तिसऱ्या वेळी ते रेकणंही निघालं नाही. दोनशे पुरुष आपापल्या ताटात बघू लागले. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "वय झालं."

भिंतीपलीकडे खाट कुरकुरली. जरा वेळाने दारात सनोबर खालांची सून आली, डोळे जमिनीवर. "सासूबाई म्हणतात... पेटी लावा. चालेल आम्हाला."

कोबिलने एल्योरला खूण केली. पेटी लागली. तोच आवाज, ठणठणीत, न दमणारा. भिंत थरथरली. पलीकडे कुणीतरी खाट आत ओढून नेत असल्याचा आवाज त्यातूनही आला.

उस्ता करनाय खाली ठेवायला वाकला, तोच व्हिडिओवाला ओरडला, "उस्ता, धरा धरा! चालूये!"

त्याने करनाय उचलला. गाल फुगवले. दात नव्हते, त्यामुळे ते कधी नव्हे इतके छान फुगले. गाणं संपेपर्यंत त्याने ते खाली येऊ दिले नाहीत. श्वास नाकानं घेत राहिला, हळूच.