आप्पांची वसुली आणि उशिराचा आणा

भाडेवसुलीत माणूस श्रीमंत होत नाही, पण किस्से मात्र चिक्कार साठतात! मी ते रोज वहीत उतरवतो. आमचे आप्पा शहापुरातल्या सहा खोल्यांचे मालक, भाडेकरू सगळे विणकर आणि मी आप्पांचा कारकून.

महायुद्धाच्या लढाईत सूत मिळेना, भाडी रखडली. आप्पांनी हायस्कुलातल्या फीसारखा रूल काढला : पाच तारखेला आप्पा दारात येतील, भाडं तयार नसेल तर आणा दंड. लागोपाठ तीन दंड झाले की खोली खाली!

*

पहिल्याच महिन्यात एक तारखेला यल्लाप्पा विणकरानं माझ्या हातावर आणा ठेवला.

"भाडं कुठाय?"

"त्ये लांबणार हाय. दंड तेवढा वेळेवर घ्या!"

*

दंडाच्या पैशांतून आप्पांनी यल्लाप्पाची गळकी कौलं बदलली. तो वर बघून बायकोला म्हणाला, "बघ गं, माझ्या उशिराचं छप्पर!"

*

आप्पांच्या पत्नी आक्का एकदा जेवण वाढताना म्हणाल्या, "सहा माग चालतात तुमच्या खोल्यांत. मला कबूल केलेलं लुगडं दोन वर्षं झाली, आलं न्हाय. त्याला किती आणे?"

आप्पा ताक न पिताच उठले.

*

गंगाक्काचा नवरा अंथरुणाला खिळलेला. मागावर तीच बसायची. दोन दंड झालेले, आणि तिसऱ्या महिन्यात चार तारखेला लुगडं अर्धंच विणून झालेलं.

"अण्णा," ती मला म्हणाली, "ह्यास्नी असं उचलून कुठं न्हेऊ?"

मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "माझा गुडघा धरलाय. वसुली पुढं ढकला."

पण रोज सकाळी त्याच गुडघ्यानं ते मला घेऊन बोळाच्या तोंडाशी जायचे, गंगाक्काच्या मागाची खटखट ऐकायचे आणि परत फिरायचे. बारा तारखेला खटखट थांबली. "लुगडं व्यापाऱ्याकडं पोचू दे," म्हणून गुडघा आणखी एक दिवस दुखला!

तेराला आम्ही दारात. गंगाक्कानं भाडं दिलं, वर आणा ठेवला.

"आणा कशाचा?" आप्पा खेकसले. "तू कुठं चुकलीस? उशिरा मी आलोय!"

गंगाक्का पदरात हसली. "मग आप्पा, दंड तुमास्नीच की!"

आप्पांनी खिशातला आणा काढून मागावर ठेवला.

तेवढ्यात आतून, अंथरुणातून, खोल गेलेला आवाज आला :

"आप्पा, ह्यो पयलाच हाय. तीन होऊ देऊ नगा!"