व्याह्यांचा विंड चार्जर

वारा हा माणसाने घरी पाळायचा प्राणी आहे असं मानणारा अख्ख्या इंग्लंडात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मुलीच्या लग्नाची बैठक चालू असताना हे गृहस्थ मुलीला काही विचारायचं सोडून मला म्हणाले, "तुमच्या भागात जुन्या पवनचक्क्या आहेत का हो?" मी म्हटलं, पिठाची गिरणी आहे, माझी स्वतःची, विजेवरची. त्यांचा चेहरा पडला. लग्न मोडतं की काय असं मला वाटलं.

ते बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. निवृत्त झाले आणि मिल्टन कीन्सला मुलाच्या शेजारच्या रस्त्यावर येऊन राहिले. मीही आता मुलीकडेच असतो, त्यामुळे सुटका नाही. "भाऊ, जन्मभर माणसं झोपवली," ते मला म्हणतात, "आता झोपलेल्यांना उठवतोय." झोपलेले म्हणजे गंजून पडलेल्या पवनचक्क्या आणि विंड चार्जर. पवनचक्की विहिरीचं पाणी उपसते. विंड चार्जर म्हणजे खांबावरचा पंखा, मागे डायनामो, वाऱ्यावर फिरून बॅटरी भरणारा. विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या तेव्हा इथल्या शेतांवर दिवा आणि रेडिओ त्याच्यावर चालायचे. मी शिकलेलो चौथीपर्यंत, पण एवढं मला आता झोपेतही सांगता येतं, कारण ऐकवलंच तितकं गेलंय.

त्यांच्या गाडीत बसणं हा एक वेगळाच भोग आहे. ते रस्त्याकडे बघत नाहीत, आभाळाकडे बघतात. आमच्या या मिल्टन कीन्समध्ये पावलोपावली राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालायचे गोल चौक. एकदा एकाच राउंडअबाउटला त्यांनी इतक्या प्रदक्षिणा घातल्या की मला वाटलं नवस फेडतायत. तर पलीकडच्या कुंपणात काहीतरी गंजकं उभं होतं आणि त्याची पाती मोजायची होती. यंत्र सापडलं की आधी चमच्याने ठोकून बघतात, मग डायनामोला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटतात. "धुगधुगी आहे," म्हणतात. एकदा असंच एक धूड घरी आणलं, गंज काढला, तेल पाजलं, कुठल्या जातीची पवनचक्की म्हणून महिनाभर पुस्तकं चाळली. शेवटी ज्याच्याकडून आणलं तो शेतकरीच म्हणाला, की तो धान्य वाळवायच्या कोठीतला पंखा आहे. व्याही डगमगले नाहीत. "चुलत घराणं म्हणायचं," म्हणाले. विहीणबाई आतून बोलल्या, "अहो, चुलत घराण्याचं झालं असेल तर बाथरूममधल्या सख्ख्या पंख्याकडे बघा. दिवाळीपासून बंद आहे."

असा हा माणूस कुणाचं ऐकत नाही. ऐकलं ते एकदाच, माझं. त्याचीच हकीकत सांगायची आहे.

गावाबाहेर एका शेतावर एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचा विंड चार्जर कोठारात गोणपाटाखाली पडून होता. शेत विकलं गेलं होतं, बाई केअर होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, जाणार होत्या, आणि जाण्याआधी तो पंखा अंगणात एकदा फिरलेला बघायचा, एवढीच त्यांची इच्छा. व्याह्यांनी शब्द दिला. लाकडी पातं नवं तासलं, डायनामोची वायर बदलली, मी बेअरिंगवरून भांडलो. ती एकदा माझ्या म्हणण्याप्रमाणे बसवली आणि एकदा त्यांच्या, दोन्ही वेळा कुरकुरलीच. होता होता पंखा खांबावर चढला तो नेमका खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा भाचा गाडी घेऊन येणार होता.

खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं पूजायची. मी लंडनमधल्या हॅरोहून झेंडू मागवला होता. डायनामोला हळदकुंकू लावलं, पंखा अडवून धरणाऱ्या ब्रेकच्या दोरीला माळ बांधली, नारळ फोडला. बाईंनी नैवेद्याला स्वतःहून बिस्किटं आणून ठेवली. आणि पूजा संपते न संपते तोच असा वारा सुटला की बाईंचा स्कार्फ उडून झाडाला अडकला. व्याह्यांनी ब्रेक सोडायला दोरीला हात घातला.

मी म्हटलं, "डॉक्टर, हात काढा. पूजेला लावलेलं यंत्र आज चालत नाही. माझ्या गिरणीचा पट्टा आजच्या दिवशी उतरवलेला असायचा, पाटील आले तरी दळण नाही."

"भाऊ, वारा बघा."

"उद्या दसरा. उद्या चालवा."

"उद्या वारा कोण आणणार? तुम्ही?"

मी हललो नाही. त्यांनी एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा कुंकवाकडे, आणि दोरीवरचा हात काढला. "माझ्या आईचं शिलाई मशीनसुद्धा आज झाकलेलं असायचं," एवढंच पुटपुटले. मग बाईंना इंग्रजीत सांगितलं, की आज याची सुट्टी आहे. बाई म्हणाल्या, कष्टाचं यंत्र आहे, एक सुट्टी त्याला मिळायलाच हवी.

दसऱ्याला पान हलत नव्हतं. बाई कोट घालून खुर्चीत बसलेल्या, खांबाखाली छोटा बल्ब टांगलेला, व्याही आभाळाकडे तोंड करून उभे. माझ्याकडे त्यांनी सकाळपासून बघितलंही नव्हतं. विहीणबाई मात्र बघत होत्या. भाच्याची गाडी आली. सामान चढलं.

तेव्हा व्याह्यांनी शिडी लावली. हृदयाला स्टेंट घातलेला हा माणूस वर चढला आणि हाताने पंखा फिरवायला लागला. मी शिडी धरली. फिरव, फिरव, फिरव. घाम टपटप माझ्या टोपीवर. आणि बल्बातली तार लाल झाली, उदबत्तीच्या टोकाएवढी.

बाई खुर्चीतून उठून खांबाजवळ आल्या. मग इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. व्याही वरच थांबले, आणि मला त्यांनी मराठीत सांगितलं, "भाऊ, लग्न होऊन त्या या घरात आल्या त्या संध्याकाळीही वारा नव्हता म्हणे. दिवा लागावा म्हणून नवरा गुपचूप शिडीवर चढून असाच फिरवत होता. त्यांना खिडकीतून दिसलं होतं. त्यांनी त्याला कधी कळू दिलं नाही."

सुट्टीचं खूळ काढलं म्हणून घरात अजून मला बोल लावतात. लावू देत. आदल्या दिवशी वाऱ्यावर पंखा फिरला असता, टाळ्या वाजल्या असत्या, आणि ही गोष्ट त्या बाई सोबतच घेऊन गेल्या असत्या. व्याह्यांनाही हे पटलेलं आहे, ते फक्त कबूल करत नाहीत.

तो पंखा बाईंनी व्याह्यांनाच दिला. आता त्यांच्या मागच्या अंगणात आहे. रविवारी ते बाईंना फोन लावतात आणि पंख्याचा आवाज ऐकवतात. ज्या रविवारी वारा नसतो, त्या रविवारी मला कुणी बोलवावं लागत नाही. मी आपणहून जातो, शिडी लावतो, ते वर चढून हाताने पंखा फिरवतात, आणि मी फोन वर धरून उभा राहतो.