ड्रॅगन मागवणारे भाई

"दात बघा, मॅडम. बाकीचं मागून."

एवढं बोलून भाई मोबाईल माझ्या नाकासमोर धरायचे. मी नुकतीच कुणाची तरी दाढ काढून हात धूत असायची. मोबाईलवर कधी राक्षस, कधी शिंगं असलेली मांजर, कधी तलवार उपसलेला जपानी शिपाई. दोन बोटांनी चित्र ताणत ताणत भाई थेट त्याच्या तोंडात शिरायचे. "हे काय दात हायेत? खडू मांडल्यावानी एका ओळीत! ह्या राक्षसानं जन्मात काही खाल्लं न्हाई." मग चित्र बाजूला आणि पुढचा राक्षस हजर.

भाई आमच्यासाठी कवळ्या आणि कॅप बनवायचे. नांदेडला वजिराबादच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर त्यांची लॅब होती. लॅब म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि सतत घरघरणारं घासायचं मशीन. गावातले कितीतरी म्हातारे त्यांच्या हातच्या दातांनी भाकरी चावत होते, आणि त्यांना भाईंचं तोंडही माहीत नव्हतं. मी मूळची लातूरची. इथं दवाखाना टाकला तेव्हापासून चौदा वर्षं माझं सगळं काम त्यांच्याकडेच. त्यांना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळ्या डॉक्टरांचे ते भाईच.

भाई कधी बसायचे नाहीत. "बसा की भाई," म्हटलं की म्हणायचे, "बसलो की मग काम राहून जातंय." उभ्यानंच अर्धा कप चहा, तोही या पायावरून त्या पायावर होत. एवढा चुळबुळ्या माणूस हातात कवळी घेतली की दगडासारखा स्थिर कसा होतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं सगळं अंग धावत असतं आणि हात तेवढे थांबलेले असतात.

तर हा छंद. परदेशातल्या कंपन्या हातभर उंचीचे, हातानं रंगवलेले पुतळे काढतात. मुलांच्या खेळण्यांतले नव्हेत, काचेच्या कपाटात ठेवायचे. आधी नुसता फोटो दाखवतात, ऑर्डर घेतात, मग बनवायला घेतात. हातात यायला वर्ष, कधी दोन वर्षं. भाईंकडे असे पाच पीस होते, पाचही लॅबमध्ये. "घरी अम्मी नमाज पढते. तिथं सूरत-मूरत चालत न्हाई," ते सांगायचे, आणि लगेच, "तिचं बरोबर हाय." त्यात कुठं तक्रार नसायची.

एका सकाळी ते आले ते पायऱ्या चढूनच धापा टाकत. मोबाईल पुढे केला. या वेळी 'दात बघा' म्हणालेच नाहीत.

एक म्हातारा ड्रॅगन होता. पंख मिटून खडकावर बसलेला, तोंड अर्धवट उघडं. मी चित्र मोठं केलं. वरचा एक सुळा झिजून बोथट झालेला. खालच्या दाढा आतल्या बाजूनं खचलेल्या, मुळाशी पिवळसर तपकिरी रंग, हिरड्या मागे सरलेल्या. आमच्या खुर्चीत रोज दिसतं तसं तोंड.

"ह्यानं आयुष्यभर चावलंय, मॅडम," भाई म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "ज्यानं हा बनवला, त्यानं कुणातरी म्हाताऱ्याच्या तोंडात तास तास बघितलेलं हाय. आपल्यातला माणूस हाय तो."

हिंदुस्थानात मोजकेच पीस येणार होते आणि ऑर्डर द्यायला दीड महिन्याची मुदत होती. तो दीड महिना भाईंनी आम्हा सगळ्यांना जगू दिलं नाही. कारण आता प्रश्न होता, मागवायचा कुठून? पूर्वी एका ऑनलाइन दुकानानं त्यांची ऑर्डर घेतली होती आणि एका सकाळी ते दुकानच मोबाईलवरून गायब झालं होतं. तेव्हापासून स्वस्त काय, महाग काय, हे ते बघतच नसत. एकच प्रश्न सगळ्या दुकानांना पाठवायचे, 'पीस तुटलेला आला तर तुम्ही काय करणार?'

मुंबईच्या मोठ्या दुकानाकडून एका मिनिटात उत्तर आलं, फिकर करू नका, खाली हसरा चेहरा. "माझा सवाल वाचलाच न्हाई," भाई म्हणाले. बंगळूरच्या दुकानानं नियम पाठवले, खोका उघडताना व्हिडिओ काढा, प्री-ऑर्डरचा माल परत घेतला जाणार नाही. "हा आत्तापासूनच भांडून राहिला." परदेशातल्या एका दुकानानं पानभर गोड इंग्रजी लिहिलं. ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "ह्यात माणूस कुठं हाय?"

चौथं दुकान लातूरचं निघालं. एक बाई घरातूनच चालवत होती. तिनं उत्तर लिहिलं नाही, फोन केला. भाई माझ्या दवाखान्यातच होते, त्यांनी स्पीकर लावला.

"तुटलेला आला तर आधी मला रडू येईल बघा, भाऊ," पलीकडून बाई म्हणाली. "मग मी कंपनीला फोटो पाठवीन. तुकडा यायला सहा-सहा म्हैने लागतेत. कधी येतच न्हाई. खोटं कशाला सांगू?"

"आणि तारीख?"

"तारीख कंपनीला बी ठाऊक नसती. मी दर म्हैन्याला कळवीत जाईन. काय नसलं तर काय न्हाई म्हणून कळवीन."

भाईंनी फोन ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन परत आले, परत गेले. "मॅडम, तुम्ही मावशीकडं लातूरला कवा जाणार?"

पुढच्याच रविवारी गेले, भाईंना घेऊन. लोहा येईपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं की त्या बाईनं तोवर दुसऱ्याला तर दिला नसेल. अहमदपूरला चहाला थांबलो तर गाडी सुरू व्हायच्या आधीच दार धरून उभे.

बाईचं घर साधं होतं, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत खोके. नवरा वारल्यावर तिनं हे सुरू केलं होतं. भाई सरळ मागच्या खोलीत शिरले. भिंतीला तळहात लावून ओल आहे का बघितलं. खोके जमिनीला टेकलेत की फळ्यांवर ठेवलेत, हे वाकून बघितलं. खिडकीतून ऊन कुठवर येतं, विचारलं. टेप ओढून बघितली. बाई दारात हात बांधून हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "भाऊ, मुलगी बघायला आलाव का?"

भाई लाजले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना लाजताना बघितलं. "बांधतं कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच. दुसरं कोण हाय?"

तिथंच उभ्याउभ्या त्यांनी ऑर्डर दिली.

मग वाट बघणं सुरू झालं. दर महिन्याला बाईचा निरोप यायचा, 'अजून न्हाई.' भाई तो मला आणून दाखवायचे, जणू काही आलंच आहे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, कंपनीनं तारीख पुढे ढकलली, परत ढकलली.

आणि त्याच वर्षी मी स्कॅनर घेतला.

हे सांगताना मला आजही चैन पडत नाही. आता दाताचं माप घ्यायला तोंडात लगदा भरावा लागत नव्हता. एक कांडी फिरवायची, चित्र उमटतं, ते दूरच्या शहरातल्या लॅबला पाठवायचं. तिथं मशीन दात कोरतं, चार दिवसांत कुरियरनं कॅप हजर. लॅब मी निवडली ती दोन पेशंटच्या मधल्या दहा मिनिटांत. मोबाईलवरच्या यादीत जी पहिली दिसली, तिच्यावर बोट ठेवलं. आधी वाटलं, फक्त कॅप पाठवू, कवळ्या भाईंकडेच. मग कवळ्याही जायला लागल्या. इतर डॉक्टरांचंही तेच झालं. भाईंना मी काही सांगितलं नाही. ते येत, उभ्यानं अर्धा कप चहा पीत, 'अजून न्हाई' दाखवत आणि रिकाम्या हातानं जात. मी मान खाली घालून औजारं पुसत राही.

एका दुपारी टेबलावर कुरियरची पिशवी उघडी पडली होती. भाईंनी आतली डबी उचलली, कॅप तळहातावर घेतली, खिडकीकडे धरली. हात नेहमीसारखे थांबले.

"चांगला हाय," ते म्हणाले. "कुणी बनवला?"

मी लॅबचं नाव सांगितलं.

"लॅबचं न्हाई. माणूस."

"माहीत नाही, भाई."

"तुम्ही विचारलं न्हाई?"

"नाही."

त्यांनी कॅप डबीत ठेवली, झाकण लावलं, पिशवीची घडीसुद्धा नीट केली. "मी एका खेळण्यापायी लातूरला जाऊन भिंती चाचपल्या. तुम्हीच घेऊन गेला होता," एवढंच बोलले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी चहाचा कप तसाच राहिला.

पुढे दोन महिने ते फिरकले नाहीत. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

मग एका रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. "मॅडम, तुमची खुर्ची पायजे. आणि वरचा लाइट."

दवाखाना उघडला तर पायरीवर भाई आणि शेजारी लातूरची बाई, मांडीवर भला मोठा खोका घेऊन. ड्रॅगन आला होता. कंपनीकडूनच तो खालचा जबडा तुटून आला होता. तिला आधी रडू आलं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. कंपनीनं लिहिलं होतं की तुकडा शिल्लक नाही. म्हणून फोनवर सांगण्यापेक्षा ती खोका घेऊन पहाटेच्या एसटीनं निघाली होती. "भाऊ, परत घ्या म्हणलाव तर घेते मी," ती सारखी म्हणत होती.

भाईंनी ड्रॅगन माझ्या खुर्चीत टेकवला, पाठ मागे केली, लाइट त्याच्या तोंडावर आणला. इतकी वर्षं मी त्या खुर्चीपाशी बसून हुकूम सोडले होते. आज भाई माझ्या स्टुलावर बसले. बसले, हे मी मुद्दाम सांगते आहे. माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला, "आरसा." मी आरसा दिला. "चिमटा. पावडर गुलाबी, नंबर दोनची." मी देत गेले. कवळीचं सामान त्यांनी थेंबाथेंबानं भिजवलं आणि तुटलेल्या जागी भरलं. दोन दाढा नाहीशाच झाल्या होत्या, त्या नव्यानं घडवल्या. घडवून झाल्यावर परत घासून झिजवल्या, मुळाशी पिवळा, मग तपकिरी, मग चहाच्या पाण्यासारखा एक रंग दिला. साडेतीन तास तो माणूस हलला नाही. मधे एकदाच म्हणाले, "हा डाव्या बाजूनं जास्त चावायचा. उजवीकडं दुखत असंल त्याला." बाई हसली. मला हसता आलं नाही.

ते उठले तेव्हा मी भिंग लावून शोधलं. जोड कुठं आहे ते मला सापडलं नाही. तीस वर्षं तोंडात बघणाऱ्या डॉक्टरलाही सापडला नसता.

बाईनं जबड्यावरून एक बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "भाऊ, माझ्याकडं असे तुटके लई पडलेत. कुणाचं बोट, कुणाचं शिंग. गिऱ्हाइकं विचारून विचारून थकली. तुम्ही येताव का?"

भाईंनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायची ती वेळ होती. थांबा म्हणावं, तर कुठल्या तोंडानं म्हणणार? जा म्हणावं, तर मी कोण सांगणारी? मी गुलाबी पावडरच्या बाटलीचं झाकण लावत राहिले.

"अम्मीला विचारतो," ते म्हणाले.

अम्मींना घेऊनच ते लातूरला गेले. आता पुण्या-कोलकात्याहून त्यांच्याकडे तुटके पीस येतात म्हणे, पाठवणारे लोक आधी फोन करून त्यांचं नाव विचारतात. हे मला त्या बाईकडून कळलं. भाईंनी स्वतः मला एकदाही काही सांगितलं नाही. जाताना ते दवाखान्यात आले होते, पण तेव्हा मी एका पेशंटच्या तोंडात अडकले होते. दारातूनच त्यांनी हात वर केला, मी मान हलवली. हात मोकळे करून बाहेर आले तर जिन्यात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक ऑटोवाला चार पोती घेऊन आला. लॅब रिकामी केली, तुमचं तुमच्याकडे पाठवलं, एवढाच निरोप होता. पोत्यांत दातांचे प्लॅस्टरचे साचे होते, चौदा वर्षांत मी घेतलेली सगळी मापं. दात बसवून झाले की असले साचे सगळे टाकून देतात. भाईंनी एकही टाकला नव्हता. प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं नाव, गाव, आणि कुठं कुठं दोन शब्द. 'उमरीच्या आजी, सुपारी खातात, मजबूत करणे.' 'विष्णुपुरीचे सर, हसताना हात लावतात, पुढचे जरा आत घेणे.' ही माणसं मी बघितली होती. भाईंनी एकालाही बघितलं नव्हतं, मी जाता जाता बोलले तेवढंच ऐकलं होतं.

पोती अजून माझ्या एक्सरेच्या खोलीत आहेत. स्कॅनरमुळे त्यांचा आता काही उपयोग नाही. झाडलोट करणाऱ्या मावशींनी परवा एक पोतं सरकवलं, आत डोकावून दोन-चार नावं वाचली आणि झाडू तसाच धरून मला विचारलं, "मॅडम, ही माणसं कुठं ठेवू?"