अतिक्रमण पथकातला उसाचा ट्रॅक्टर

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कुठलाही सरकारी कागद घरात आला की तो माझ्या पुढ्यात ठेवतात, आणि मला तो कळणारच असं सगळे धरून चालतात. मागच्या वर्षी उसाचं गाळप संपलं आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, श्रीपूरच्या साखर कारखान्याकडून ट्रॅक्टर घेऊन सोलापुरात परत आले. पालिकेच्या अतिक्रमण विभागाला मालवाहू वाहन हवंय, ही जाहिरात तेव्हा मीच त्यांना वाचून दाखवली. रस्ता अडवणाऱ्या हातगाड्या, टपऱ्या, फलक उचलायचे आणि पालिकेच्या आवारात नेऊन उतरवायचे, एवढंच काम होतं.

अण्णा हिवाळाभर कारखान्याला ऊस वाहतात. पुढे दिवाळीपर्यंत ट्रॅक्टर दारात उभा असतो. त्या वर्षी काही मिळालं नाही तर भाड्याची खोली सोडून गावाकडं जायचं, असं घरात ठरल्यासारखंच होतं. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष बाकी होतं. हॉस्टेलचा विषय मी एकदा काढून पाहिला. आई भाकरी थापत राहिली, म्हणून मीही परत काढला नाही. हे काम मिळावं असं मला किती वाटत होतं, ते मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

काम मिळालं. पण अतिक्रमण पथकाचे साहेब म्हणाले, महिनाभर बघू, मग पुढचं ठरवू. मोबदला खेपेवर होता. ट्रॉली भरून आवारात पोचली तरच ती खेप धरणार.

"पैल्या दिवशी तू चल," अण्णा मला म्हणाले. "त्यांचं हापिसातलं बोलणं मला उमगत न्हाय."

उसाचा ट्रॅक्टर गाण्याशिवाय चालत नाही, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. चालवणाऱ्याला डुलकी लागू नये, मागं जोडट्रॉल्या आहेत हे समोरच्याला कळावं, आणि थोडी हौसही. अण्णांच्या सीटमागं दोन मोठे स्पीकर आहेत. त्या सकाळी आईनं बोनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, अण्णांनी किल्ली फिरवली आणि सवयीनं गाणं लावलं. मी मडगार्डवर बसले होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ट्रॉलीला पुढच्या बाजूनं पथकाचा मोठा फलक बांधला होता. गाण्यामुळं लोक मान वर करायचे आणि मान वर केली की फलक वाचायचे, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

स्टेशनकडच्या रस्त्यावर पोचलो तर तिथं चार फुटके टोमॅटो आणि एक रिकामं खोकं. एकही हातगाडी नाही. पथकाची जीप समोरून आली. साहेब उतरून रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिले.

"मामा, कारवाईला आलाय की वरातीला?"

"नवरदेव कुटं हाय?" पथकातला एक जण म्हणाला, आणि सगळे हसले. अण्णाही हसले. मग साहेबांचं तोंड बघून त्यांनी गाणं बंद केलं.

"सवय हाय साहेब. पण रस्ता मोकळा झाला की!"

"मी गेलो की पुन्हा भरतोय तो. माल जप्त व्हायला पाहिजे, मामा. गाणी बंद."

दुसऱ्या दिवशी आम्ही आवाज न करता गेलो, आणि गाड्या सापडल्या. काकड्या विकणाऱ्या एका बाईंची गाडी उचलताना त्यांनी चाक घट्ट धरून ठेवलं होतं. ट्रॉलीच्या फटीत अडकलेलं उसाचं वाळकं पाचट त्यांना दिसलं.

"उसाची गाडी न्हवं ही? आमाला कुटं गाळपाला न्हेतोस व्हय रं?"

"मावशी, दंड भरला की गाडी माघारी मिळती," अण्णा म्हणाले.

"मिळती की. चाक एकीकडं, फळी एकीकडं." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आन् ही लेक का तुजी? दाव तिला, दाव. बाप काय काम करतोय ते."

ट्रॉली भरत होती, तसं मला खोली टिकेल असं वाटत होतं. त्या बाई समोर उभ्या असतानाही वाटत होतं. हे लिहायला मला जड जातंय, पण तसं होतं खरं.

सुट्टी असल्यानं मी पुढंही जात राहिले. काही दिवसांनी, त्याच रस्त्याच्या वळणावर, गाणं मोठ्यानं सुरू झालं आणि पुढच्या हातगाड्या गल्लीत शिरल्या. साहेब जीपमधून ओरडले, "मामा!"

"हात लागला, साहेब."

आठवडाभरात पुन्हा तसंच झालं. ते बटण स्टेअरिंगच्या खाली आतल्या बाजूला आहे, वाकल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. मी शेजारीच बसले होते. त्यांना वाकताना मी बघितलं होतं.

घरी आल्यावर मी म्हणाले, "अण्णा, महिना अजून सरला न्हाय."

"ठाव हाय की," ते म्हणाले आणि जेवत राहिले.

महिना सरल्यावर साहेबांनी बोलावलं. मी दाराशी उभी राहिले. पथकासाठी एक टेम्पो ठरवला आहे, असं त्यांनी सांगितलं.

"तुमचा हात लई लागतो, मामा."

अण्णा खाली मान घालून उभे. मी मनात खोलीतलं सामान बांधायलाही लागले.

"मोकळ्या प्लॉटचं काम करता का?" साहेब पुढं म्हणाले. "मालकांना नोटिसा देऊन दमलो आम्ही. राडारोडा, काटेरी झुडपं, गंजलेल्या स्कुटरी. सगळं उचलायचं. तिथलं काही पळून जात नाही. लावा किती लावायची ती गाणी."

"खेपेवरच न्हवं?"

"खेपेवरच. दिवाळीपर्यंत."

अण्णांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. यात मला समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं.

काकडीवाल्या बाई अजून त्याच रस्त्यावर असतात. टेम्पो आवाज न करता येतो, त्यांची गाडी त्यानंतरही एकदा गेली असं ऐकलं. त्यांच्यासमोरून जाताना मी अजून पदपथ बदलते.

प्लॉटचं काम मिळालं त्या संध्याकाळी अण्णा ट्रॅक्टर धूत होते. मी बादली भरून देत होते. धीर करून विचारलं, "साहेबांनी काढूनच टाकलं असतं तर? माझं कॉलेज?"

त्यांनी फडकं पिळलं.

"तवा तेवढं सुचलंच न्हाय बघ," ते म्हणाले.

मला राग यायला हवा होता, असं वाटतं. मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि दुसऱ्या बाजूचं चाक पुसायला लागले. दुसऱ्या दिवशी जाऊन शेवटच्या वर्षाला प्रवेश घेतला.